भाडे, डागडुजी आणि पागडी : मुंबईच्या चाळीचा जमाखर्च आणि चाळीचे साहित्य

मराठी साहित्यातील चाळ ही भाडेकरूच्या बाजूने पाहिलेली वास्तू आहे. सामाईक गॅलरी, नळावरची रांग, अंधारा जिना, गणेशोत्सवाची वर्गणी, शेजाऱ्यांचे रुसवेफुगवे आणि अडीअडचणीला धावून येणारे हात यांची नोंद आपल्या कथा-कादंबऱ्यांनी, नाटकांनी आणि विनोदी वाङ्मयाने विपुल प्रमाणात केलेली आहे. मालक मात्र या साहित्यात बहुधा पडद्याआड असतो. भाडे मागायला येणारा मेहता किंवा भय्या एवढेच त्याचे दृश्य रूप. ही वास्तू कोणत्या हिशेबाने उभी राहिली, तिच्यात गुंतवलेल्या भांडवलावर किती परतावा अपेक्षित होता, त्यातून कोणते खर्च वजा होत आणि तो हिशेब केव्हा व कसा विसकटला, हे प्रश्न समाजशास्त्र आणि कायदा यांच्याकडे सोपवून साहित्याभ्यासक पुढे गेले.

या विभागणीमुळे एका महत्त्वाच्या गोष्टीकडे दुर्लक्ष झाले. ज्या स्थिर, पिढ्यान्‌पिढ्या टिकलेल्या शेजारसंस्कृतीला आपण ‘चाळसंस्कृती’ म्हणतो, तिची आर्थिक पायाभरणी मालकाच्या जमाखर्चातील एका विशिष्ट घटनेने केली : जमेची बाजू कायद्याने गोठली आणि खर्चाची बाजू वाढत राहिली. या दोहोंतील तफावत भरून निघाली ती दुरुस्तीच्या रकान्यातून. प्रस्तुत निबंधात या रकान्याचा इतिहास आणि त्याचे साहित्यातील पडसाद यांचा विचार केला आहे.

१. मालकाची वही

गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा कापसाच्या तेजीने शहर फुगत होते. पुढील काही दशकांत गिरण्यांची संख्या वाढली आणि घाटावरून व कोकणातून येणाऱ्या कामगारांसाठी खाजगी भांडवलदारांनी चाळी बांधल्या. कमीत कमी जागेत जास्तीत जास्त खोल्या, एका ओळीत एकच गॅलरी, मजल्याच्या टोकाला सामाईक शौचकूप आणि मोरी असा हा आराखडा होता. पुढे ज्या रचनेला सामूहिक जीवनाची जननी म्हणून गौरवण्यात आले, ती रचना मुळात बांधकामखर्च वाचवण्याच्या गणितातून जन्मली होती.

या गणिताची रूपरेषा एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट करता येईल. चाळीस खोल्यांची एक चाळ, जमीन व बांधकाम मिळून चाळीस हजार रुपये खर्च, दर खोलीस महिना आठ रुपये भाडे असे मानले, तर वर्षाची ढोबळ जमा ३,८४० रुपये होते. अननुभवी गुंतवणूकदार हीच रक्कम आपले उत्पन्न समजतो. कसलेला मालक मात्र वहीची दुसरी बाजू आधी भरतो. काही खोल्या अधूनमधून रिकाम्या राहणार आणि काही भाडे बुडणार, म्हणून सरासरी एका महिन्याचे ३२० रुपये सोडून द्यावे लागतात. महापालिकेचा सर्वसाधारण कर, पाणीपट्टी आणि हलालखोर कर मिळून सहाशे रुपये धरले, मेहत्याचा पगार व जिन्यावरची दिवाबत्ती यांना २४० धरले आणि डागडुजीला ३८४ ठेवले, तर हाती २,२९६ रुपये उरतात. गुंतवलेल्या रकमेवर हा परतावा पावणेसहा टक्क्यांच्या आसपास जातो. सरकारी कर्जरोखे साडेतीन टक्के व्याज देत असत त्या काळात हा व्यवहार आकर्षक होता. परंतु कर्ज काढून चाळ बांधली असेल तर व्याज फेडताना नफ्याचा बराचसा भाग निघून जाई. शिवाय घसाऱ्याची, म्हणजे इमारतीच्या झिजेपोटी बाजूला टाकावयाच्या रकमेची, तरतूद या हिशेबात अजून झालेलीच नाही.

डागडुजीसाठी दहा टक्के धरण्यामागे एक आधार आहे. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाने करपात्र मूल्य ठरवताना वार्षिक भाड्यातून दहा टक्के वजावट दिली आणि ही वजावट दुरुस्ती व अन्य सर्व कारणांच्या बदल्यात आहे, असे स्पष्ट केले. १९२२ च्या आयकर अधिनियमाने दुरुस्तीची जबाबदारी मालकावर असेल तेव्हा वार्षिक मूल्याचा सहावा हिस्सा वजा करू दिला. २००१ च्या वित्त कायद्याने दुरुस्ती, वसुली इत्यादी खर्चांपोटी सरसकट तीस टक्के वजावट ठरवली. दहा टक्के, सुमारे सतरा टक्के आणि तीस टक्के या तीन आकड्यांचे हेतू आणि संदर्भ वेगवेगळे आहेत. तरीही भाड्याचा रुपया संपूर्णपणे मालकाचा नसतो, त्यातील काही भाग इमारतीचा असतो, हे तत्त्व तिन्ही ठिकाणी मान्य झाले आहे. मालक ही वजावट खरोखर इमारतीवर खर्च करतो की नाही, हे तपासण्याची तरतूद मात्र या आकड्यांच्या पोटात नव्हती.

रिकाम्या खोल्यांचा धोकाही कागदी नव्हता. १८९६ च्या प्लेगमध्ये शहरातून लोकांचे लोंढे बाहेर पडले आणि वस्त्यांच्या वस्त्या ओस पडल्या. त्यानंतर १८९८ साली स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्त्यांतून रस्ते काढले. घरे पडली, लोक उठले आणि उरलेल्या चाळींवरचा भार वाढला. दुसऱ्या बाजूला भाडेकरूंचाही एक जमाखर्च होता. कोकणातील गावांच्या मंडळांनी गिरणगावात सामाईक खोल्या घेतल्या. गोव्यातील ख्रिस्ती स्थलांतरितांनी आणि खलाशांनी धोबीतलावाच्या परिसरात ‘कूड’ चालवले. गावचा माणूस महिन्याची ठराविक रक्कम देऊन पथारीपुरत्या जागेचा हक्कदार होई. मालकाच्या वहीत एका खोलीचे एकच भाडे लागे; खोलीच्या वहीत ते दहा-पंधरा जणांत वाटले जाई.

२. गोठलेली जमा

पहिल्या महायुद्धाच्या काळात बांधकाम मंदावले, साहित्य महागले आणि भाडी चढली. १९१८ साली मुंबई सरकारने युद्धकालीन भाडेनिर्बंध आणले व १ जानेवारी १९१६ चे भाडे आधारभूत मानले. संकट संपताच उठवावयाचा हा तात्पुरता उपाय होता आणि १९२० च्या दशकाअखेर तो उठलाही.

त्याच दशकात सरकारने स्वतः घरमालक होऊन पाहिले. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत १९२० साली स्थापन झालेल्या विकास विभागाने पन्नास हजार खोल्यांचा संकल्प सोडला आणि शहरात येणाऱ्या कापसाच्या दर गाठीमागे एक रुपया कर बसवून तुटीची सोय केली. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी व सुमारे सोळा हजार खोल्या उभ्या राहिल्या. बांधकामखर्च अंदाजापेक्षा फुगला. खर्चाइतके भाडे कामगाराला झेपेना. सवलतीचे भाडे ठेवूनही वरळीच्या आडबाजूच्या चाळी दीर्घकाळ रिकाम्या पडून राहिल्या. १९३० नंतरच्या सविनय कायदेभंगाच्या काळात त्यांतील काही चाळींचा तात्पुरता तुरुंग म्हणून उपयोग झाला. गिऱ्हाईक मिळत नसलेल्या खोल्यांना सत्याग्रही मिळाले, हा इतिहासाचा उपरोध. पण गुंतवणुकीच्या दृष्टीने त्यातील धडा कोरडा आहे. भाडे, ठिकाण आणि भाडेकरूची कुवत यांचा मेळ बसला नाही, तर राजसत्तेचे पाठबळही वही जुळवू शकत नाही.

दुसऱ्या महायुद्धाने नियंत्रण परत आणले. १९४७ चा मुंबईचा भाडेनियंत्रण अधिनियम १३ फेब्रुवारी १९४८ पासून अमलात आला आणि १ सप्टेंबर १९४० रोजी चालू असलेले भाडे हे त्या जागांचे प्रमाणभाडे ठरले. फाळणीचे निर्वासित, युद्धोत्तर टंचाई आणि तुटपुंजे वेतन पाहता या कायद्याची गरज वादातीत होती. ज्या कामगाराला एका नोटिशीने रस्त्यावर काढता येत होते, त्याला प्रथमच डोक्यावरच्या छपराची शाश्वती मिळाली. परंतु हाही कायदा मुदतीचा होता आणि त्याची मुदत पुनःपुन्हा वाढवली गेली. त्या वाढीबरोबर १९४० चे भाडेही पुढे पुढे सरकत राहिले.

मघाच्या कल्पित वहीकडे पुन्हा पाहावे. मजुरी, चुना, लाकूड, लोखंड यांचे भाव दहापट झाले असे मानले, तर डागडुजीचे ३८४ रुपये ३,८४० होतात, म्हणजे वर्षाच्या एकूण भाड्याइतके. महापालिकेचे कर वाढले तर ती वाढ भाडेकरूकडून वसूल करण्याची मुभा मालकाला होती. नेहमीच्या दुरुस्तीचा वाढता खर्च मात्र त्याला भाड्यावर चढवता येत नव्हता. जागा राहण्यायोग्य ठेवण्याचे कर्तव्य कायद्याने मालकावरच टाकले होते. त्याने ते पाळले नाही तर भाडेकरूने स्वतः दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून कापावा, पण ही कपात वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक नसावी, अशी तरतूद होती. आठ रुपये भाड्याच्या खोलीला हा चतुर्थांश वर्षाला चोवीस रुपये भरतो. चोवीस रुपयांत कुजलेली तुळई बदलत नाही.

या गोठण्याचा फटका महापालिकेलाही बसला. पद्मादेवी खटल्यात कोलकात्याच्या संदर्भाने आणि पुढे दिवाण दौलतराय कपूर खटल्यात दिल्लीच्या संदर्भाने सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की, प्रमाणभाड्याहून अधिक भाडे मिळू शकेल असे गृहीत धरून करआकारणी करता येणार नाही. परिणामी मालकाची जमा जेथे थांबली तेथेच शहराचे करपात्र मूल्यही थांबले. मुंबईने भांडवली मूल्यावर आधारित मालमत्ताकर स्वीकारला तो २०१० पासून.

३. अलिखित रकाना

वही जुळत नसेल तर ती बंद करावी किंवा दुसरी उघडावी, असे दोनच मार्ग मालकापुढे होते. पुष्कळांनी भाड्याने देण्यासाठी बांधणेच थांबवले आणि भांडवल मालकीहक्काच्या सदनिकांकडे वळवले. उरलेल्यांनी दुसरी वही उघडली. तिचे नाव पागडी.

१९४७ च्या कायद्याने भाड्याव्यतिरिक्त अशी रक्कम घेणे हा मालकाचा गुन्हा ठरवला होता. तरीही पागडी शहराचा अलिखित कायदा बनली. खोली सोडणारा भाडेकरू नव्या भाडेकरूकडून बाजारभावाने रक्कम घेई, तीतील साधारण तिसरा हिस्सा भाडेपावती नव्या नावावर करून देण्यासाठी मालकाला मिळे आणि पावतीवर मात्र १९४० चेच भाडे राही. नफ्याची अपेक्षा अशा रीतीने मासिक भाड्याकडून प्रसंगोपात्त हस्तांतराकडे सरकली. याचे दोन दूरगामी परिणाम झाले. पहिला असा की, इमारत नीट राखण्यातले मालकाचे हितसंबंध संपले. भाडेकरू राहतो तोवर मालकाला काही मिळत नव्हते, तो जातो तेव्हा मिळत होते. दुसरा असा की, भाडेकरू हा आता केवळ भाडेकरू उरला नाही. त्याने भांडवल गुंतवले होते. तो अर्धा मालक झाला होता. भाडेकरूच्या मृत्यूनंतर सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे हक्क जाण्याची सोय कायद्यात असल्याने हे अर्धे मालकत्व वारसाहक्कानेही चालू लागले.

१ फेब्रुवारी १९७३ रोजी ताबा असलेल्या परवानाधारकांनाही भाडेकरूचे संरक्षण मिळाले. त्यामुळे घर भाड्याने देणे म्हणजे ते गमावणे, ही धारणा मध्यमवर्गीय सदनिकाधारकांतही रुजली आणि अनेकांनी घरे कुलुपात ठेवणे पसंत केले. पागडीला अखेर कायदेशीर मान्यता मिळाली ती १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाने.

४. स्थैर्याची किंमत आणि साहित्य

आता साहित्याकडे वळता येईल. नियंत्रित भाड्याची खोली सोडणे म्हणजे एक अमूल्य हक्क सोडणे, हे ध्यानात घेतले की चाळीतील माणसे इतकी वर्षे एकत्र का राहिली, याचे एक उत्तर मिळते. नोकरी बदलली, मुले शिकली, जागा अपुरी पडू लागली, तरी बिऱ्हाड हलले नाही. पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ १९५८ साली पुस्तकरूपाने आली, तेव्हा भाडे गोठून अठरा वर्षे झाली होती. तेच शेजारी, तेच हेवेदावे आणि तीच मंडळे पिढीभर टिकणे ही त्या विनोदाची पूर्वअट आहे. भाडेकरू दर दोन वर्षांनी बदलणारे असते, तर त्या लकबींना परंपरेचे वजन आलेच नसते. चाळीला मालकाचे आडनाव आहे, पण चाळ गाजली ती भाडेकरूंची म्हणून. नाव मालकाचे आणि भोगवटा भाडेकरूंचा, ही कायद्याने घडवलेली स्थिती त्या शीर्षकात नकळत उमटली आहे. पुस्तकाच्या अखेरच्या चिंतनातील विरहभावनेमागे पडझडीला आलेली वास्तू आहे, हेही विसरता येत नाही. जी गोष्ट माणसांना एकत्र राखत होती, तीच भिंतींना पोखरत होती.

किरण नगरकर यांच्या ‘रावण अँड एडी’ या १९९५ च्या इंग्रजी कादंबरीतील माझगावच्या चाळी सरकारी विभागाच्या आहेत. तेथे मालक म्हणजे एक निराकार खाते. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ नाटकात गिरणी संपानंतरचे कुटुंब सारे काही गमावत असताना खोलीचा आसरा टिकून आहे. पगार बंद झाला तरी बिऱ्हाड मोडले नाही, याच्या अनेक कारणांत जुने भाडेही मोजावे लागते. याउलट ज्यांना पागडी देणे शक्य नव्हते, ते उशिरा आलेले स्थलांतरित या व्यवस्थेच्या बाहेर राहिले. जयवंत दळवी यांच्या ‘चक्र’मधील झोपडपट्टी ही त्याच बंद दाराची दुसरी बाजू आहे.

इतर भाषांशी तुलना केली की मालकीची घडण आणि साहित्याची घडण यांचा संबंध अधिक ठळक होतो. ज्योतिरिंद्र नंदी यांच्या ‘बारो घर एक उठोन’ या बंगाली कादंबरीत एका अंगणाभोवतीच्या बारा खोल्यांतील भाडेकरू कुटुंबे आहेत. सामाईक अंगण येथेही आहे, पण त्यावर घसरणाऱ्या मध्यमवर्गाच्या विवंचनेची छाया अधिक गडद आहे. दिल्लीत चित्र आणखी वेगळे. तेथे मालक बहुधा तळमजल्यावर राहतो आणि गच्चीवरची बरसाती भाड्याने देतो. त्याच्या वहीत खोल्यांची रांग नसते, एकच पूरक उत्पन्न असते. भाडेकरूला हक्क जडण्यापूर्वी तो बदलावा, याकडे त्याचा कल असतो. निर्मल वर्मा यांच्या ‘एक चिथड़ा सुख’मधील बरसातीत जे एकाकीपण आणि तात्पुरतेपण आहे, ते अर्थातच लेखकाच्या जीवनदृष्टीतून आले आहे, पण त्याला लाभलेली वास्तू मात्र या भाडेव्यवहाराची देणगी आहे. अनेक भाडेकरू व दूरस्थ मालक यांच्या चाळीतून समूहाचा विनोद निपजला. एक भाडेकरू व निकटचा मालक यांच्या बरसातीतून एकट्याचे मौन. हे समीकरण सरसकट लावता येणार नाही, परंतु नागर कथनाच्या तौलनिक अभ्यासात घराच्या आराखड्याबरोबर घराचा जमाखर्चही साधन म्हणून वापरला पाहिजे, एवढे त्यावरून म्हणता येते.

५. थकलेली दुरुस्ती

दुरुस्ती पुढे ढकलली म्हणजे खर्च वाचत नाही. तो थकतो आणि थकबाकी इमारतीच्या अंगावर चढत जाते. पावसाळ्यात चाळी कोसळू लागल्या तेव्हा बेडेकर समितीच्या १९६८ च्या अहवालानंतर १९६९ साली दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला. शहर विभागातील १९,६४२ जुन्या इमारतींवर उपकर बसवून दुरुस्तीची जबाबदारी सार्वजनिक मंडळाकडे आली. पुढे ती म्हाडाकडे गेली. मालकाच्या वहीतून निखळलेला रकाना अशा रीतीने सरकारी वहीत आला, पण मूळ हिशेब तसाच राहिला. १९८६ च्या दुरुस्तीने तर मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम देऊन भाडेकरूंच्या सहकारी संस्थेसाठी इमारत संपादन करण्याची वाट खुली केली. आठ रुपयांच्या खोलीची किंमत या हिशेबाने आठशे रुपये. मालकांनी याला आव्हान दिले आणि त्या वादातून उद्भवलेल्या घटनात्मक प्रश्नावर ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने असा निर्णय दिला की, प्रत्येक खाजगी मालमत्ता ही ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ ठरत नाही.

त्याआधी डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात याच न्यायालयाने म्हटले होते की, गोठवलेल्या प्रमाणभाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी व मनमानी झाल्या आहेत. १९९९ च्या अधिनियमाने वर्षाला चार टक्के वाढ मान्य केली. चाळीस वर्षांहून अधिक काळ गोठलेल्या आकड्यावर चार टक्के म्हणजे पैशांतली वाढ. दिल्लीने १९८८ साली महिना साडेतीन हजारांवरील भाडी नियंत्रणमुक्त केली. १९९५ च्या नव्या दिल्ली भाडे अधिनियमाला राष्ट्रपतींची संमती मिळूनही तो कधीच अमलात आला नाही. केंद्राचा २०२१ चा आदर्श भाडेकरार कायदा राज्यांनी स्वीकारल्यावरच लागू होतो. राजकीय पक्षांना भाडेकरूंची मते मोजता येतात. थकलेल्या दुरुस्तीची मोजदाद इमारत पडेपर्यंत होत नाही. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारात कोसळलेल्या इमारतीखाली तीसहून अधिक माणसे मेली. जुलै २०१९ मध्ये डोंगरीत तसेच घडले.

६. समारोप

या इतिहासात एकट्या मालकाला वा एकट्या भाडेकरूला दोषी धरणे सोपे आहे आणि अपुरेही. पुष्कळ मालकांनी १९४० पूर्वीच आपले भांडवल वसूल केले होते आणि पुढे पागडीत हिस्सा घेऊनही इमारतीकडे पाठ फिरवली. भाडेकरूंना मिळालेले संरक्षण खरे होते, पण त्यांतील सुस्थितीत आलेल्यांनीही दुरुस्तीसाठी अधिक भाडे देण्याचा आग्रह कधी धरला नाही. राज्यसंस्थेने गरिबांच्या घराचा खर्च स्वतः उचलण्याऐवजी तो मालकाच्या वहीवर लिहिला आणि मालकाने तो इमारतीच्या वहीवर.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने वाढीव चटईक्षेत्र विकून त्या पैशातून भाडेकरूंना विनामूल्य घरे देण्याचा मार्ग काढला. विकास विभागाच्या जुन्या चाळींच्या जागी आता मनोरे उभे राहत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील पहिल्या रहिवाशांना नव्या घरांचा ताबा मिळाला. या घरांचे भाडेकरू मालक झाले आहेत. उद्वाहन, पाण्याचे पंप, रंगकाम, मालमत्ताकर आणि इमारतीच्या झिजेपोटी ठेवावयाचा निधी यांचा हिशेब आता त्यांच्या सोसायटीच्या दप्तरात मांडला जाईल. शंभर वर्षे जी वही त्यांच्या साहित्यात कोणी उघडली नाही, ती त्यांच्याच हाती आली आहे. चाळीविषयी पुढे जे लिहिले जाईल, त्यात नळावरच्या रांगेची आठवण असेलच. त्याबरोबर मासिक देखभालखर्चाची थकबाकी आणि ती कोणी भरायची यावरून झालेली भांडणेही येतील. चाळीच्या साहित्याचा पुढचा अध्याय बहुधा तेथूनच सुरू होईल.